‘अनुपचारित’ ह्या शब्दाआड

संशोधनातील गैरप्रकार म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम चोरी येते. दुसऱ्याचा मजकूर उचलणे, आकडे बनवणे, काडीचेही श्रम न करता लेखकांच्या यादीत नाव घालून घेणे. शोधनिबंधांच्या संख्येवर बढत्या ठरू लागल्यापासून हे प्रकार आपल्याही महाविद्यालयांना अपरिचित राहिलेले नाहीत. परंतु आकडे खरे आणि मजकूर स्वतःचा असूनही एखादा निबंध छापण्यास अपात्र असू शकतो काय? टस्कीगीचा इतिहास वाचताना हा प्रश्न टाळता येत नाही.

१९३२ साली अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने अलाबामा राज्यातील टस्कीगीच्या परिसरात सुमारे सहाशे गरीब कृष्णवर्णीय पुरुष निवडले. त्यांतील ३९९ जणांना उपदंश झालेला होता. उरलेले २०१ तुलनेसाठी होते. रोगावर इलाज केला नाही तर शरीराचे पुढे काय होते, हे पाहायचे होते. रोग्यांना मात्र सांगण्यात आले, की तुमचे रक्त बिघडले आहे आणि आम्ही त्यावर उपचार करीत आहोत. १९४७च्या सुमारास पेनिसिलिन हे उपदंशावरचे सर्वमान्य औषध ठरले. तेही त्यांच्यापासून दूर ठेवले गेले.

हे सारे गुपचूप चालले होते असा अनेकांचा समज असतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. १९३६ पासून ह्या अभ्यासावर डझनभर निबंध वैद्यकीय नियतकालिकांतून उघडपणे प्रसिद्ध झाले. पहिल्याच निबंधाच्या शीर्षकात ‘अनुपचारित उपदंश’ असा प्रयोग होता. भाषेच्या अभ्यासकाने इथे क्षणभर थांबावे. ‘अनुपचारित’ हे विशेषण आहे आणि विशेषणाला कर्ता सांगावा लागत नाही. उपचार कोणी रोखले, हा प्रश्न त्या शब्दाआड नाहीसा होतो. माणसांनी घेतलेला निर्णय निसर्गातील एखादी अवस्था असल्यासारखा भासू लागतो.

१९५३चा निबंध अधिक अस्वस्थ करणारा आहे. त्यावर पहिले नाव युनिस रिव्हर्स ह्या कृष्णवर्णीय परिचारिकेचे आहे. त्यानंतर आणखी तिघांची. रोग्यांना गाडीतून ने-आण करणे, मोफत जेवण, शवविच्छेदनाला संमती दिल्यास अंत्यविधीचा खर्च, ह्यांच्या आधारे माणसे वीस वर्षे अभ्यासात कशी टिकवून धरली, ह्याचे त्यात वर्णन आहे. परिचारिकेच्या श्रमांना लेखकपद मिळणे ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. पण तोच मान तिचे नाव ह्या कृत्याशी कायमचे बांधून गेला. रिव्हर्सबाईंना दोषी ठरवावे, की त्या व्यवस्थेत दबलेली एक स्त्री मानावे, ह्यावर आजही एकमत नाही.

संपादकांनी वाचले, परीक्षकांनी वाचले, हजारो डॉक्टरांनी वाचले. १९६४च्या निबंधात अभ्यासाला तीस वर्षे झाल्याचे शीर्षकातच नोंदले होते. तो वाचून आयर्विन शाट्झ ह्या तरुण हृदयरोगतज्ज्ञाने १९६५ साली लेखकांना निषेधाचे छोटे पत्र पाठवले. त्याला उत्तर मिळाले नाही. ते फायलीत पडून राहिले. पुढे आरोग्य सेवेतच काम केलेल्या पीटर बक्स्टन ह्यांनी आक्षेप घेतले, आणि अखेर त्यांच्याकडून माहिती मिळाल्यावर जुलै १९७२ मध्ये वृत्तपत्रांनी ही गोष्ट जगापुढे आणली. त्याच वर्षी अभ्यास थांबला.  उपचार कोणी नाकारले, ते बातमीदाराने सांगितले.

मानवी प्रयोगांविषयीच्या हेलसिंकी जाहीरनाम्यात १९७५ साली एक तत्त्व आले: नैतिक नियम डावलून केलेल्या प्रयोगांचे अहवाल प्रसिद्धीसाठी स्वीकारू नयेत. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने २०१३ मध्ये लेखकपदाच्या निकषांत उत्तरदायित्वाची भर घातली. नियम आवश्यकच आहेत. तथापि टस्कीगीत पुरावा लपलेला नव्हता. तो ग्रंथालयांच्या फडताळांत ओळीने मांडून ठेवलेला होता. वाचणाऱ्यांनी त्यातील आकडे पाहिले आणि वाक्यांतला कर्ता शोधला नाही. निबंध तपासायला हाती घेताना आपणही बहुधा संदर्भसूचीच आधी पाहतो.