वाटी कधी बदलायची?

आधी थोडा इतिहास. १९७४ साली न्यूयॉर्कमध्ये ‘टोटल काँडिलर’ हा कृत्रिम गुडघा पहिल्यांदा बसवला गेला. तो घडवणाऱ्यांत डॉ. चित्तरंजन रानावत होते. वाजपेयी पंतप्रधान असताना त्यांचे गुडघे याच रानावतांनी मुंबईच्या ब्रीच कँडीत बदलले. डावा ऑक्टोबर २००० मध्ये, उजवा जून २००१ मध्ये.

आपण म्हणतो ‘वाटी बदलली’. प्रत्यक्षात मांडीच्या अन् नडगीच्या हाडांची झिजलेली टोकं छाटून तिथे धातू आणि प्लास्टिक बसवतात. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने किमती बांधल्या आणि कोबाल्ट-क्रोमियमचा नेहमीचा सांधा, कर सोडून, ५४,७२० रुपयांवर आला. आता आमच्या जालन्यातही लोक विचारतात, “करून टाकू का?”

नुसती एक्स-रेतली झीज बघून हे ठरत नाही. व्यायाम, औषधं, वजन कमी करणं, सगळं करूनही रात्री झोप लागत नसेल, घरातल्या घरात चालवत नसेल, तर वेळ आली समजा. पण नव्या गुडघ्यावर उकिडवं बसणं डॉक्टर सहसा टाळायला सांगतात. दिवसभर खुरपणी करणाऱ्या मावशीला हे ऑपरेशनच्या आधी कळायला हवं. निर्णय तिचा आहे ना!