बारगीर आणि ‘बर्गी’ : मराठ्यांचे परमुलुखी धोरण व त्यांचा लौकिक

१

शिवकालीन लष्करी व्यवस्थेत ज्या स्वारास सरकारातून घोडा मिळे त्यास बारगीर म्हणत. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार. पागेत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे, आणि त्याच्यावर जुमलेदार, हजारी अशी चढती श्रेणी असे. शब्द मूळचा फारसी आहे. ‘बार’ म्हणजे ओझे आणि ‘गीर’ म्हणजे घेणारा. मराठीत या शब्दास स्तुतीचा गंध नाही, निंदेचाही नाही. तो केवळ दप्तरातील शब्द आहे.

हाच शब्द अठराव्या शतकाच्या पाचव्या दशकात बंगाल्यात गेला. अंत्य रकार गळला, आद्य दीर्घ स्वर राहिला नाही आणि ‘बर्गी’ हे रूप बंगालीत रूढ झाले. रूपातील हा पालट सामान्य आहे. अर्थातील पालट मात्र सामान्य नाही. बंगाली माणसास शिलेदार व बारगीर यांतील भेद ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याच्या लेखी दक्षिणेकडून आलेला प्रत्येक स्वार बर्गी होता, आणि बर्गी म्हणजे गाव जाळणारा, धान्य लुटणारा, ज्याची वार्ता येताच घरदार टाकून पळावे असा मनुष्य. तान्ह्या मुलास निजविण्यासाठी बंगाली आया जी पाळणागीते आजही म्हणतात त्यांत हा शब्द टिकून आहे. घोडदळे गेली, नबाबी गेली, कंपनी सरकारही गेले. शब्द तेवढा राहिला.

भाषाशास्त्रात ज्यास अर्थापकर्ष म्हणतात त्याचे हे ठळक उदाहरण आहे. परंतु प्रस्तुत लेखाचा हेतू शब्दाची व्युत्पत्ती सांगून थांबावे असा नाही. एखादी प्रबळ सत्ता आपल्या सीमेबाहेर जे धोरण चालविते त्याचा तिच्या लौकिकावर काय परिणाम होतो, आणि तो लौकिक पुढे तिच्या राजकारणावर कसा उलटतो, हा येथील प्रश्न आहे. अठराव्या शतकातील मराठी सत्तेस आजच्या अर्थाने ‘राष्ट्र’ म्हणावे की नाही, याविषयी मतभेद संभवतो. तथापि तिला स्वतःचे परमुलुखी धोरण होते, वकील होते, तह होते, आणि सीमेबाहेर तिची एक प्रतिमा होती. एवढे या विवेचनास पुरेसे आहे.

२

या धोरणाचा कणा म्हणजे चौथ. चौथाईची कल्पना शिवाजीमहाराजांनी नव्याने काढली असे नव्हे. दमणकडील पोर्तुगीज मुलखातील गावांकडून रामनगरचा राजा असा हक्क घेत असे, आणि त्यामुळे त्यास ‘चौथिया’ म्हणत. शिवाजीमहाराजांनी या हक्कास व्यापक राजकीय साधनाचे रूप दिले. इ. स. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथाने दिल्लीहून दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. चौथाईच्या बदल्यात पंधरा हजार फौजेनिशी बादशाही सुभेदारास साहाय्य करावे आणि सरदेशमुखीच्या बदल्यात मुलखाचा बंदोबस्त राखावा, असे त्यात ठरले होते. म्हणजे कागदोपत्री हा केवळ वसुलीचा अधिकार नव्हता. घेणे आणि राखणे ही एकाच कराराची दोन अंगे होती.

येथेच धोरणाच्या कसोटीचे सूत्र सापडते. चौथ देणाऱ्यास संरक्षण मिळाले तर ती खंडणी असूनही राजकीय व्यवस्था ठरते. संरक्षण मिळाले नाही तर तिला कोणतेही नाव दिले तरी देणाऱ्याच्या दृष्टीने ती लूटच होय. मराठी पत्रांत या व्यवहाराचे शब्द ‘हक्क’, ‘अंमल’, ‘मुलूखगिरी’ असे आहेत. मोगल बखरकार मराठ्यांस ‘गनीम’ म्हणतात. या शब्दात शत्रू व लुटारू अशा दोन्ही छटा आहेत. प्रत्येक पक्ष आपला शब्द प्रमाण मानतो. इतिहासकाराने कोणाचा शब्द घ्यावा, हे शब्दांवरून ठरत नाही, व्यवहारावरून ठरते.

३

तो व्यवहार बंगाल्यात कसा झाला ते पाहू. इ. स. १७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचा दिवाण भास्करराम कोल्हटकर बंगाल्यात उतरला. नबाब अलीवर्दीखानास त्याने बर्दवानजवळ कोंडले, आणि पुढे खुद्द मुर्शिदाबादेत शिरून जगतशेठाची कोठी लुटली. कलकत्त्याच्या इंग्रजांनी भयाने शहराभोवती खंदक खणण्यास त्याच वर्षी प्रारंभ केला. तो पुरा झाला नाही, परंतु ‘मराठा खंदक’ हे नाव मात्र त्यास कायमचे मिळाले. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत भास्करपंताने काटव्याजवळ मोठ्या थाटाने दुर्गापूजा मांडली असता अलीवर्दीने गंगा ओलांडून अकस्मात छापा घातला व मराठी फौजेस माघार घ्यावी लागली.

पुढील वर्षीचा प्रकार अधिक बोधप्रद आहे. रघूजी स्वतः बंगाल्यात आला, आणि त्याच्या विरोधात, नबाबाचा साहाय्यक म्हणून, पेशवा बाळाजी बाजीरावही आला. अलीवर्दीने शाहूमहाराजांस चौथ देण्याचे मान्य केले, पेशव्यास मोहिमेच्या खर्चाबद्दल मोठी रक्कम दिली आणि त्याच्या साहाय्याने रघूजीस हुसकून लावले. नबाबाची समजूत अशी की आता मराठी राज्याशी आपला करार झाला. परंतु त्याच वर्षी शाहूमहाराजांनी पेशवे व भोसले यांच्यातील कलह मिटविण्यासाठी दोघांची क्षेत्रे वाटून दिली. त्यात बंगाल व ओरिसा रघूजीकडे गेले. घरातील भांडण मिटले. मात्र नबाबाने दिलेला पैसा व्यर्थ गेला. इ. स. १७४४ मध्ये भास्करपंत पुन्हा बंगाल्यात आला. अलीवर्दीने त्यास तहाच्या मिषाने मानकऱ्याच्या तंबूत बोलावून सरदारांसह मारले. हे कृत्य विश्वासघाताचे खरेच. परंतु ज्याच्याशी केलेला करार एका वर्षाच्या आत निरर्थक झाला, त्या नबाबाचा मराठ्यांच्या शब्दावरील विश्वास त्यापूर्वीच नाहीसा झाला होता, ही गोष्ट आपल्या ग्रंथांतून पुरेशी सांगितली जात नाही. स्वाऱ्या १७५१ पर्यंत चालल्या. त्या वर्षीच्या तहाने सालीना बारा लाख रुपये चौथ ठरली आणि ओरिसाचा वसूल भोसल्यांस मिळाला.

जनमानसातील प्रतिमा कशी पालटली, याचे साधन म्हणून गंगारामाचे ‘महाराष्ट पुराण’ हे बंगाली काव्य अमूल्य आहे. याची प्रत इ. स. १७५१ ची आहे. काव्याच्या प्रारंभी पृथ्वीस पापाचा भार झाला म्हणून शिव नंदीस शाहूराजाकडे पाठवितो. म्हणजे मराठ्यांची स्वारी ही दैवी शासनाची योजना म्हणून येते. कवी आरंभी मराठ्यांचा द्वेष्टा नाही. परंतु पुढे गावोगावची लूट, जाळपोळ, स्त्रियांवरील अत्याचार आणि ब्राह्मण-वैष्णवांच्या हत्या यांचे वर्णन येते, आणि अखेर देवीच भास्कराच्या विरुद्ध जाते. ज्या भास्करपंताने दुर्गापूजा मांडली त्याच्याकडे बंगाली कवीच्या काव्यात देवी पाठ फिरविते. धर्म एक, दैवत एक, तरीही लौकिक वाचला नाही. समान धर्माचा आधार धोरणातील दोष झाकू शकत नाही, हे याहून स्पष्टपणे सांगणारे साधन दुर्मिळच म्हटले पाहिजे. बाणेश्वर विद्यालंकाराचे ‘चित्रचंपू’ हे १७४४ चे संस्कृत काव्यही याच अनुभवाची साक्ष देते.

४

राजपुतान्यात शब्द निराळा, कथा तीच. तेथे मराठ्यांस ‘दखणी’ म्हणत. इ. स. १७३४ मध्येच सवाई जयसिंगाच्या पुढाकाराने हुरडा येथे राजपूत राजे मराठ्यांचा प्रतिकार कसा करावा याचा विचार करण्यास जमले होते. तो विचार आपसांतील कलहामुळे तडीस गेला नाही, आणि कलह होते म्हणूनच मराठ्यांस मध्यस्थीचे निमंत्रण मिळत गेले. इ. स. १७४३ मध्ये जयसिंग वारल्यावर ईश्वरीसिंग व माधोसिंग या भावांत गादीचा तंटा लागला. मराठी सरदारांनी प्रसंगानुसार दोन्ही पक्ष घेतले. शेवटी थकलेल्या रकमेच्या वसुलीसाठी होळकरांची फौज जयपूरजवळ येताच डिसेंबर १७५० मध्ये ईश्वरीसिंगाने आत्महत्या केली. ज्यास मराठ्यांनी गादीवर बसविले त्या माधोसिंगाच्या अमलात, अवघ्या काही दिवसांनी, जानेवारी १७५१ मध्ये जयपूर शहरात शिरलेल्या मराठ्यांची कत्तल झाली. मृतांची संख्या हजारांत होती. उपकृताकडून असा प्रतिसाद का यावा? त्याच्या दृष्टीने तो उपकृत नव्हता, ऋणको होता, आणि धनको दाराशी फौज घेऊन बसला होता. इ. स. १७५५ मध्ये नागोर येथे जयाप्पा शिंदे यांचा खून झाला, तोही याच वातावरणात.

याचे राजकीय मूल्य १७६० मध्ये चुकते करावे लागले. अब्दालीशी सामना होताना सदाशिवरावभाऊंनी परकीय आक्रमणाविरुद्ध सर्वांनी एक व्हावे, अशी भूमिका घेतली. भूमिका उदात्त होती यात शंका नाही. परंतु राजपूत राजे तटस्थ राहिले. ज्याच्या पित्याने, म्हणजे सफदरजंगाने, १७५२ मध्ये मराठ्यांशी करार घडवून आणला होता, तो शुजाउद्दौला अब्दालीस मिळाला. सुरजमल जाट प्रथम सोबत होता, तोही निघून गेला. पानिपतच्या पराभवाची कारणे अनेक आहेत. रसद, लवाजमा, रणांगणावरील निर्णय यांचा विचार टाळता येणार नाही, आणि एकट्या लौकिकाने लढाई हरली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मात्र भाऊंच्या आवाहनास प्रतिसाद का मिळाला नाही, या मर्यादित प्रश्नाचे उत्तर मागील वीस वर्षांच्या वसुलीच्या वह्यांत आहे. विशेष म्हणजे १४ जानेवारी १७६१ नंतर रणातून निसटलेल्या जखमी व उपाशी मराठ्यांस याच सुरजमलाने आश्रय, अन्न व वस्त्र दिले. त्याच्या मनात मराठ्यांविषयी वैर नव्हते. त्यांच्या राजकारणावर मात्र विश्वास नव्हता. या दोन गोष्टी भिन्न आहेत.

५

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, मराठ्यांची ‘लुटारू’ ही प्रतिमा इंग्रज ग्रंथकारांनी आपल्या राज्याच्या समर्थनार्थ रंगविली. पुढील काळापुरते हे बरेचसे खरे आहे. परंतु ‘चित्रचंपू’ व ‘महाराष्ट पुराण’ ही दोन्ही साधने १७५७ च्या प्लासीपूर्वीची आहेत. त्यांत काव्यगत अत्युक्ती असेल, इंग्रजी हेतू असू शकत नाही. दुसरा आक्षेप असा की, त्या काळच्या सर्वच सत्ता असेच वागत. हेही खरे, नबाबाच्या पठाण सरदारांनी त्याच बंगाल-बिहारात कमी अनर्थ केला नाही. परंतु लौकिक तुलनेने ठरत नसतो. ज्याचे घर जळाले तो ते जाळणाऱ्याचे नाव लक्षात ठेवतो.

उलट, जेथे घेण्याबरोबर राखण्याचे अंगही सांभाळले गेले तेथील स्मृती निराळी आहे. ओरिसात १८०३ पर्यंत भोसल्यांचा अंमल होता. तेथेही वसुलीविषयी तक्रारी आहेत. परंतु पुरीच्या जगन्नाथ मंदिराच्या व्यवस्थेकडे त्यांनी दिलेले लक्ष आणि त्या काळात कोणार्कहून आणून मंदिरासमोर उभारलेला अरुणस्तंभ यांचीही आठवण आहे. अहिल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये काशीविश्वेश्वराचे मंदिर बांधले तेव्हा काशी त्यांच्या राज्यात नव्हती. वसुली नसलेल्या मुलखात केलेल्या त्या कार्याने मराठी नावास जो आदर मिळाला तो कोणत्याही मोहिमेने मिळविला नव्हता.

बंगाल्यातही स्मृतीचा पालट पुढे झाला. पण त्यास दीडशे वर्षे लागली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी, बंगालीत लेखन करणारे मराठी गृहस्थ सखाराम गणेश देऊस्कर यांच्या प्रयत्नाने तेथे शिवाजी-उत्सव सुरू झाला, आणि १९०४ मध्ये रवींद्रनाथांनी त्याच विषयावर काव्य लिहिले. शिवाजीमहाराजांची प्रतिमा उजळली. ‘बर्गी’ या शब्दाचा अर्थ मात्र पालटला नाही. बंगाली मनाने दोहोंना वेगळे ठेवले, आणि असे करण्यात त्याने ऐतिहासिक दृष्ट्या चूक केली असे म्हणवत नाही.

कारण हा भेद मूळ मराठी परंपरेतच आहे. चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांस शिवाजीमहाराजांनी लिहिलेले पत्र आपणा सर्वांस परिचित आहे. रयतेकडून दाणा, वैरण, लाकूडफाटा जबरीने घ्याल तर रयतेस तुम्ही मोगलांहूनही वाईट वाटाल, असा त्यातील इशारा आहे. सत्तेने स्वतःविषयी काय म्हणावे याची चिंता त्या पत्रात नाही. रयत काय म्हणेल याची आहे. स्वराज्याच्या आत लावलेली ही कसोटी नर्मदेपलीकडे लावली गेली नाही, हा अठराव्या शतकातील धोरणाचा मूळ दोष होय.

आपल्याकडील संशोधन बहुतांशी मोडी दप्तरांवर आधारलेले आहे आणि ते तसे असणे स्वाभाविक आहे. परंतु आपल्या दप्तरात आपले हेतू सापडतात. आपला लौकिक दुसऱ्याच्या भाषेत लिहिलेला असतो. अठराव्या शतकावर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी मोडीबरोबर बंगाली, राजस्थानी व ओडिया यांपैकी निदान एका भाषेतील समकालीन साधने मुळातून वाचावीत, अशी सूचना करून हा लेख पुरा करतो.