शिपायाचे पत्र

पहिल्या महायुद्धातील लढाया आणि तह आपण शाळेत पाठ करतो. त्या चार वर्षांत शिपायाच्या घरी काय चालले होते, याची मात्र कुणी चौकशी करीत नाही.

२६ सप्टेंबर १९१४ रोजी हिंदी पलटणी फ्रान्समधील मार्सेय बंदरात उतरू लागल्या. त्यांत पंजाबी मुसलमान, पठाण, शीख, गढवाली असे अनेक होते. बहुतेकांना लिहिता येत नव्हते. पलटणीतला एखादा जाणता पत्र लिहून देई. गावी ते मुन्शी, पोस्टमन नाहीतर मास्तर वाचून दाखवी. म्हणजे बायकोला मनातले सांगायचे, तेही दोन परक्यांच्या तोंडून! शिवाय मध्ये सरकारी सेन्सॉर बसलेला. त्याला चकविण्यासाठी शिपाई हिंदी सैनिकांना काळी मिरी आणि गोऱ्यांना लाल मिरची म्हणत. काळी मिरी संपत आली असे लिहिले, की घरच्यांनी काय ते समजावे. सेन्सॉरही कच्चा नव्हता. त्याने हे ओळखले, म्हणून तर आपल्याला आज ठाऊक आहे. त्याच्या कचेरीने केलेले इंग्रजी उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

कित्येक जखमींना इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या इस्पितळांत नेत. तिकडे वारलेल्या मुसलमान शिपायांसाठी वोकिंगच्या मशिदीजवळ कब्रस्तान बांधण्यात आले. दफन रीतसर होई, पण मूठमाती द्यायला घरचे कोणी नसे. फ्रान्समध्ये न्यू शापेल येथील स्मारकावर तर ४,७०० हून अधिक अशी नावे आहेत, ज्यांची कबर वा चिता कुठलीच सांगता येत नाही.

गावी खबर जाई ती कागदानेच. तो वाचून घेण्यासाठी आईला पुन्हा दुसऱ्याचेच दार गाठावे लागे.