सुश्रुताच्या वीस दोषांपलीकडे

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातील आठवा अध्याय सिरावेधाचा आहे. रक्त कोणाचे काढू नये (बालक, वृद्ध, गर्भिणी, भ्यालेला, थकलेला), बंध कुठे बांधावा, शीर कशी उठवावी, हे सांगून झाल्यावर ग्रंथकार वेध चुकण्याचे वीस प्रकार नावानिशी मोजतो. मला हा भाग साऱ्या संहितेत सर्वांत प्रांजळ वाटतो. बोथट शस्त्राने चिरडलेली शीर ती 'पिच्चिता'. बंध भलत्या जागी बांधल्याने थरथरणारी 'वेपिता'. नीट उठण्याआधीच टोचलेली 'अनुत्थितविद्धा', आणि बारीक शस्त्राने पुन्हा पुन्हा टोचलेली 'पुनःपुनर्विद्धा'. लॅबमध्ये बाही सरकवून बसलेल्या कोणालाही यातल्या दोन-तीन ओळखीच्या वाटतील! शिरा माशांसारख्या निसटतात, त्यांच्यावर पुरता हात कोणाचाच बसत नाही, अशी कबुलीही तिथे आहे. म्हणून तर सूत्रस्थानात शिष्याला आधी कमळाच्या देठावर आणि मेलेल्या जनावरांच्या शिरांवर सराव करायला सांगितले आहे.

पण हे वीसही दोष शस्त्र आणि शरीर यांच्यामधले. बाहेर आलेले रक्त दूषित, म्हणून टाकून द्यायचे. युरोप-अमेरिकेतही अठराव्या शतकात तेच होते. डिसेंबर १७९९ मध्ये घसा सुजलेल्या जॉर्ज वॉशिंग्टन यांचे एकाच दिवसात अनेकदा रक्त काढले गेले. त्याच रात्री ते वारले.

१९०१ मध्ये कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तगट दाखवून दिले. प्रयोगशाळा वाढल्या, तसे काढलेले रक्त म्हणजे घाण न राहता साक्षीदार झाले. मराठीने मात्र 'रक्त काढणे' हे क्रियापद दोन्हींना तसेच ठेवले.

साक्षीदार म्हटला की त्याची ओळख आली. वेध निर्दोष, वेदना नाही, तरी दोन खाटांच्या ट्यूबवरची नावे अदलाबदल झाली, तर ए गटाच्या रुग्णाला बी गटाचे रक्त चढते आणि तो दगावू शकतो. "तुम्ही पाटील ना?" असे विचारू नये; अर्धवट झोपेतला माणूस कशालाही मान डोलावतो. त्याच्याच तोंडून पूर्ण नाव वदवून घ्यावे, आणि लेबल त्याच्यासमोरच लावावे. सुश्रुताला बंधाच्या जागेची काळजी होती, आज वेळेचीही आहे: पट्टा मिनिटाहून अधिक राहिला की रक्त दाट होऊन आकडे बदलू लागतात. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधले ईडीटीए पुढच्या ट्यूबमध्ये गेले, तर पोटॅशियम खोटेच वाढलेले आणि कॅल्शियम घटलेले दिसते. म्हणून ट्यूब भरण्याचाही क्रम ठरलेला.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये रक्त काढण्याविषयी मार्गदर्शिका काढली. तिच्यात रुग्णाइतकीच काळजी टोचणाऱ्याची आहे. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायचे नाही. ती थेट न भोसकणाऱ्या डब्यात टाकायची, कारण टोपण लावतानाच ती बोटात घुसते आणि कावीळ बी किंवा एचआयव्ही देऊन जाऊ शकते. सुश्रुताच्या वीस दोषांत वैद्याच्या बोटाचा उल्लेख नाही.