तलाक, मुलांचा ताबा आणि दत्तक : आपल्या भागातील कायद्याचा इतिहास

शाळेच्या जनरल रजिस्टरात प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला एक ओळ येते. त्याचे नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख. ह्या ओळी भरताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, ती अशी की, घरातील कायद्याचा प्रश्न पुष्कळदा प्रथम शाळेच्या दारात येतो. एखादे मूल चाचाने वाढविलेले असते, म्हणून वडिलांच्या रकान्यात चाचाचे नाव सांगितले जाते. एखाद्या मुलाचे आईवडील विभक्त झालेले असतात; ऐन सहामाहीच्या तोंडावर वडील शाळा सोडल्याचा दाखला मागावयास येतात आणि दुसऱ्या दिवशी आई रडत येते. "सर, कायद्याने मुलगा कोणाचा?" असे एका मातेने मला विचारले, तेव्हा मजजवळ उत्तर नव्हते. त्या उत्तराच्या शोधात जे वाचनात आले, ते पालक बंधु-भगिनींपुढे व विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहे.

कायदा आपल्यापर्यंत कसा आला

इंग्रजी अमलात १७७२ साली वॉरन हेस्टिंग्जने न्यायदानाची जी योजना आखली, तीत विवाह, वारसा इत्यादी बाबतीत मुसलमानांना कुराणाचा व हिंदूंना शास्त्रांचा कायदा लागू करावा, असे ठरले. तरीही अनेक प्रांतांत शरियतपेक्षा स्थानिक रूढीच वरचढ ठरत असे. पंजाबात तर रूढीच्या नावाखाली मुलींना वारसाहक्क नाकारला जाई. ह्यावर उपाय म्हणून १९३७ चा शरियत कायदा झाला. निकाह, तलाक, महर, पोटगी, पालकत्व, हिबा, वारसा ह्या बाबतीत मुसलमानांना रूढी नव्हे तर शरियत लागू होईल, असे त्याने ठरविले. शेतजमीन मात्र त्यातून वगळली गेली.

दुसरी अडचण स्त्रियांची होती. नवरा परागंदा झाला, खर्च देईना, मारहाण करू लागला, तरी हनफी मताप्रमाणे स्त्रीला न्यायालयाकडून सुटका मिळणे फार कठीण होते. काही स्त्रियांनी केवळ विवाह तुटावा म्हणून धर्म सोडल्याची उदाहरणे घडली आणि उलेमा अस्वस्थ झाले. मौलाना अशरफ अली थानवी यांनी 'अल-हीलतुन नाजिझा' हा ग्रंथ सिद्ध करून, अशा प्रसंगी मालिकी मताचा आधार घेता येतो, असे दाखवून दिले. मुहम्मद अहमद काझमी यांनी मध्यवर्ती विधिमंडळात विधेयक मांडले, आणि १९३९ चा मुस्लिम विवाह-विच्छेद कायदा मंजूर झाला. नवरा चार वर्षे बेपत्ता असणे, दोन वर्षे खर्च न देणे, सात वर्षे वा अधिक कैदेची शिक्षा, क्रूर वागणूक इत्यादी कारणांवरून स्त्रीला न्यायालयात विवाह-विच्छेद मागता येतो. पंधरा वर्षांच्या आत लावून दिलेला निकाह, पतिपत्नी म्हणून सहवास झालेला नसल्यास, अठरा वर्षांची होण्यापूर्वी ती नाकारू शकते. ह्या कायद्याची पहिली बीजे उलेमांच्या ग्रंथात आहेत, हे विसरता कामा नये.

परंतु आपले धर्माबाद त्या वेळी इंग्रजी मुलखात नव्हते. नांदेड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि दिल्लीत झालेले कायदे येथे आपोआप लागू होत नसत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानी राजवट संपली. १९५१ साली अनेक मध्यवर्ती कायदे पूर्वीच्या संस्थानी मुलखांना लागू झाले. मुलांच्या ताब्यासंबंधीचा १८९० चा पालक व पाल्य कायदा त्यांपैकीच. १९३७ व १९३९ चे वर सांगितलेले दोन कायदे मात्र १९५९ च्या एका विस्तार-कायद्याने, १ फेब्रुवारी १९६० पासून, ह्या मुलखास लागू झाले. म्हणजे महाराष्ट्र राज्य स्थापन होण्यापूर्वी अवघे तीन महिने! इतर प्रांतांतील भगिनींना १९३९ साली मिळालेला कायदा आपल्याकडे यावयास आणखी वीस वर्षे गेली. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी ह्या कायद्याचे नावही कोणी ऐकले नव्हते, ह्यात नवल ते काय?

लातूरचा एक दावा

तलाकच्या इतिहासात मराठवाड्याचे नाव एका निकालाने कायमचे नोंदले गेले आहे. पत्नीने पोटगी मागितली की, "मी तिला पूर्वीच तलाक दिला आहे" असे पतीने न्यायालयात लिहून द्यावयाचे आणि तेवढ्यावर मोकळे व्हावयाचे, असा प्रघात पडला होता. लातूरच्या दगडू पठाण विरुद्ध रहीमबी ह्या दाव्यात हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) खंडपीठापुढे आला. २ मे २००२ रोजी तेथील पूर्णपीठाने असा निर्णय दिला की, नुसते लिहून दिल्याने वा तोंडी सांगितल्याने तलाक सिद्ध होत नाही. तलाकला कारण होते काय, दोन्हीकडच्या मध्यस्थांनी समेटाचा प्रयत्न केला काय, हे पतीने पुराव्याने शाबीत केले पाहिजे. त्याच वर्षी १ ऑक्टोबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने शमीम आरा खटल्यात ह्याच दिशेने निकाल दिला.

ह्या निकालात धर्माविरुद्ध काही आहे काय? मुळीच नाही. पतिपत्नीत बेबनाव झाल्यास एक पंच त्याच्या घरातून व एक तिच्या घरातून नेमावा, ही आज्ञा सूरे निसामध्येच आहे. आपण ती आज्ञा विसरलो होतो, न्यायालयाने तिची आठवण करून दिली, एवढेच.

पुढे २२ ऑगस्ट २०१७ रोजी शायराबानो खटल्यात एका दमात दिलेला तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविला. २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा झाला असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद आहे; तसेच अशा स्त्रीला स्वतःसाठी व मुलांसाठी निर्वाहखर्च आणि अज्ञान मुलांचा ताबा मागण्याचा हक्क त्यात दिला आहे. पोटगीचा वाद १९८५ च्या शाहबानो निकालापासून चालत आला. १९८६ चा कायदा, त्यावरील २००१ चा दानियाल लतीफी निकाल, आणि शेवटी आपल्या शेजारच्या तेलंगणातून गेलेल्या एका दाव्यात १० जुलै २०२४ चा निकाल, अशी त्याची वाटचाल आहे. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही फौजदारी संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी मागता येते, असे ह्या शेवटच्या निकालाने स्पष्ट केले. हीच तरतूद आता नव्या संहितेत कलम १४४ मध्ये आहे.

मुलगा कोणाचा?

आता त्या मातेच्या प्रश्नाकडे वळू. लहान मुलाच्या संगोपनाचा हक्क, ज्याला हिजानत म्हणतात, शरियतने प्रथम आईला दिला आहे. हनफी मताप्रमाणे मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत तो आईकडे असतो. पालकत्व व खर्चाची जबाबदारी मात्र बापावरच राहते. मूल आईजवळ आहे म्हणून बापाची जबाबदारी सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली नूर सबा खातून खटल्यात सांगितले आहे.

परंतु वयाचा हिशेब हाच शेवटचा शब्द नव्हे. १८९० च्या कायद्यानुसार न्यायाधीश मुलाचे हित पाहतात. त्याचे वय, लिंग, धर्म, पालकाचे चारित्र्य, आणि मूल समजदार असेल तर त्याची स्वतःची इच्छाही विचारात घेतात. म्हणून पालकांना माझी कळकळीची विनंती आहे की, भांडण मोठ्यांचे असेल, पण त्यासाठी मुलाचा दाखला वर्षाच्या मध्येच हलवू नये. ज्या मुलाचे वर्ष असे बुडते, ते पुष्कळदा पुन्हा शाळेत येतच नाही.

दत्तक की कफालत?

हजरत झैद बिन हारिसा यांना रसूलुल्लाहनी पुत्रवत् वाढविले होते. तरी सूरे अहजाबमध्ये अशा मुलांना त्यांच्या खऱ्या वडिलांच्या नावाने हाक मारण्याची आज्ञा आली. म्हणून शरियतमध्ये दत्तकाने वारसा मिळत नाही. पण अनाथाचा सांभाळ, म्हणजे कफालत, हे मोठे पुण्यकर्म मानले आहे. १९७२ साली सर्वांना लागू होणारे दत्तक विधेयक संसदेत आले, तेव्हा समाजातून त्यास विरोध झाला आणि ते पुढे मागे पडले. त्यानंतर बाल न्याय कायद्याने कोणत्याही धर्माच्या व्यक्तीस मूल दत्तक घेण्याचा मार्ग खुला केला. १९ फेब्रुवारी २०१४ रोजी शबनम हाशमी यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, हा मार्ग ऐच्छिक आहे. ज्याला घ्यावयाचा त्याने घ्यावा, ज्याला शरियतप्रमाणे चालावयाचे त्याने तसे चालावे. आज असे दत्तक सरकारी पद्धतीनेच घ्यावे लागते व त्याचा आदेश जिल्हाधिकारी देतात.

आपल्याकडे बहुधा भावाचे वा बहिणीचे मूल मायेने वाढविले जाते, ते ह्या दोन्हींपैकी कोणत्याच कागदावर नसते. रजिस्टरात चाचाचे नाव लागते आणि चाचा वारल्यावर वारसाच्या वेळी त्या मुलाचे हात रिकामे राहतात. माया खरी असेल तर ती लिहून ठेवावी. हयातीत हिबा करून ताबा द्यावा, किंवा वसियत करावी. कर्ज व दफनविधीचा खर्च वजा जाता उरलेल्या मालमत्तेच्या एक-तृतीयांशापर्यंत वसियत करता येते. वडिलांच्या रकान्यात मात्र खरेच नाव लिहावे. शाळा सुटल्यावर ते बदलून घेणे फार जिकिरीचे असते.

समारोप

ह्या साऱ्या इतिहासातून एकच बोध निघतो. हक्क आपल्याला मिळालेले होते, पण आपण ते वाचले नाहीत व कागदावर आणले नाहीत. मिरचीच्या सौद्याची पट्टी आपण जपून ठेवतो; मग निकाहनामा, महरची रक्कम, मुलांचे जन्मदाखले जपून का ठेवू नयेत? रागाच्या भरात शब्द उच्चारण्याआधी दोन्ही घरची वडीलधारी माणसे बसवावीत. न्यायालयात जावेच लागले तर स्त्रिया व मुलांना, उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या कायद्यानुसार विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो, हे ध्यानात ठेवावे.

आणि विद्यार्थिनींनो, आपला निकाहनामा सही करण्यापूर्वी स्वतः वाचता येईल एवढे तरी शिक्षण प्रत्येकीने घ्यावेच. त्या मातेला तो वाचता येत नव्हता. तिची मुलगी आज नववीत आहे, आणि तिला येतो.