चामखीळ म्हणजे नेमकं काय? ‘व्हेरुगा’ शब्दाचा अर्थ आणि आपल्याकडचे समज

दवाखान्याच्या कागदावर ‘व्हेरुका’ लिहिलेलं दिसलं की घरातले घाबरतात. हा लॅटिन शब्द आहे आणि त्याचा अर्थ चामखीळ. पोर्तुगीज भाषेत त्याचंच ‘व्हेरुगा’ झालं. बटाटा, साबण, पगार हे शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतले, पण हा घेतला नाही. आपला शब्दच नेमका आहे. चाम म्हणजे कातडी, त्यात ठोकल्यासारखी दिसणारी ती खीळ.

शब्द कुठे चुकतो?

अंगावर काहीही उगवलं की आपण चामखीळच म्हणतो. फरक असा आहे:

चामखीळ: खरखरीत असते. एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे येते. खाजवली, ब्लेड लागलं की पसरते. लहान मुलांची बऱ्याचदा एक-दोन वर्षांत आपोआप जाते.

मस: मानेवर, काखेत लोंबतो, मऊ असतो. पसरत नाही. वजन जास्त किंवा मधुमेह असलेल्यांना जास्त येतो. एकदम बरेच आले तर साखर तपासून घ्या.

कुरूप: तळपायाला सारखा दाब पडून होतं. मधुमेह असेल तर घरी ब्लेडनं अजिबात कापू नका, जखम चिघळते.

तीळ: अचानक वाढला, रंग बदलला, रक्त येऊ लागलं तर लगेच डॉक्टरांना दाखवा.

समज आणि गैरसमज

पोर्तुगाल-ब्राझीलकडे जुनी माणसं पोरांना सांगतात, चांदण्यांकडे बोट दाखवलं तर बोटाला व्हेरुगा येतो. आपल्याकडे घोड्याचा केस बांधतात, चुना-सोडा नाहीतर बिब्बा लावतात. मीही मानेवर चुना-सोडा लावला होता. कातडी भाजली, डाग अजून आहे.

गाईच्या सडावरची चामखीळ माणसाला लागते, असंही म्हणतात. तसं नाही, जनावरांचा विषाणू वेगळा. पण एका गाईची दुसरीला लागते, म्हणून अशी गाय शेवटी पिळावी आणि हात धुवावेत.

उपाय काय?

डॉक्टर औषध लावून, गोठवून किंवा विजेच्या सुईनं जाळून चामखीळ काढतात. गुप्तांगावर आली असेल तर लाजून लपवू नका. ती जोडीदारालाही होऊ शकते. आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा, केस आणि चुना नंतरही नको.