पूर्ण नाव काय?

तीन वर्षांपूर्वी मी आणि माझा एक सहकारी पुण्यात फ्लॅट शोधत होतो. दोघंही एकाच टीममध्ये, पगार जवळपास सारखा, दोघंही बॅचलर. एका जाहिरातीवर दोघांनी आपापल्या फोनवरून मेसेज टाकला. ब्रोकरचा दोघांनाही एकच प्रश्न आला : ‘पूर्ण नाव काय?’ मी नाव पाठवलं. ‘संध्याकाळी सातला या, ओनर भेटतील,’ असं उत्तर आलं. मित्राने आपलं मुस्लिम नाव पाठवलं. त्याला उत्तर आलं, ‘सॉरी, तो फ्लॅट गेला.’

तो फ्लॅट मीच घेतला. महिनाभर शोधाशोध करून कंटाळलो होतो. मित्र म्हणाला, ‘घे रे तू, नाहीतर तिसराच कोणी घेईल.’ मी लीव्ह अँड लायसन्सवर सही केली. पुढे त्याबद्दल आमच्यात कधी बोलणं झालं नाही.

नंतर अमेरिकेतल्या गृहनिर्माणाचा इतिहास वाचताना कळलं, की आम्ही दोघांनी नकळत जे केलं होतं, त्याला तिथे एक नाव आहे आणि कोर्टात किंमतही आहे. त्याकडे येतोच. आधी थोडं मागे जाऊ.

१९१० साली बाल्टिमोर शहराने एक वटहुकूम काढला : ज्या गल्लीत बहुसंख्य गोरे, तिथे कृष्णवर्णीयांनी राहायला जायचं नाही, आणि उलटही. दक्षिणेतल्या इतर शहरांनी त्याची नक्कल केली. केंटकी राज्यातल्या लुईव्हिलनेही १९१४ मध्ये असाच कायदा केला. त्याला आव्हान देणाऱ्यांनी शक्कल लढवली. नागरी हक्कांसाठी झगडणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या स्थानिक शाखेचे अध्यक्ष विल्यम वॉर्ली यांनी चार्ल्स ब्युकॅनन नावाच्या गोऱ्या दलालाकडून गोऱ्या वस्तीतला प्लॉट घ्यायचा करार केला. करारात अट अशी, की कायद्याने मला तिथे राहता येणार असेल तरच मी पैसे देईन. मग वॉर्लींनी पैसे नाकारले आणि ब्युकॅनन कोर्टात गेला. म्हणजे भेदभावाच्या कायद्याविरुद्ध लढत होता गोरा विक्रेता, आणि कागदोपत्री त्या कायद्याच्या बाजूने उभा होता कृष्णवर्णीय ग्राहक! ५ नोव्हेंबर १९१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो कायदा रद्द केला. वॉर्ली हरले, म्हणूनच जिंकले. पण निकालाचा मुख्य आधार समानता नव्हता. मालकाला आपली मालमत्ता हव्या त्याला विकण्याचा हक्क आहे, हा होता.

याच १९१७ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले आणि त्यांना शहरात राहायला जागा मिळेना. पारशी नाव घेऊन ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या माणसांनी येऊन त्यांना बाहेर काढलं. दोन मित्रांकडे विचारलं, दोघांनी सभ्य शब्दांत असमर्थता दाखवली. रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी बागेत बसून काढला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये त्यांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे. बडोद्यात त्यासाठी कुठल्या वटहुकुमाची गरज पडली नव्हती.

अमेरिकेतही लवकरच पडेनाशी झाली. कायदा गेला, तर तीच अट घराच्या खरेदीखतात आली : हे घर पुढे कृष्णवर्णीयांना विकणार नाही. शेजारीपाजारी मिळून असे करार करत. कोर्टांनी ते मोडणाऱ्यांवर कारवाई करू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं ते थेट १९४८ मध्ये, शेली विरुद्ध क्रेमर खटल्यात.

दरम्यान सरकार स्वतः मैदानात उतरलं होतं. महामंदीत बुडणारी गृहकर्जं वाचवण्यासाठी १९३३ मध्ये होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन स्थापन झालं. त्याने दोनशेहून जास्त शहरांचे नकाशे बनवले. हिरवा म्हणजे उत्तम वस्ती, मग निळा, मग पिवळा, आणि लाल म्हणजे धोकादायक. सर्वेक्षणाच्या फॉर्ममध्ये घरांचं वय, उत्पन्न, धंदा यांच्या रकान्यांबरोबर त्या वस्तीत कृष्णवर्णीय राहतात का, याचाही रकाना होता. मी रोज असले टेबल बघतो. एकदा एखादी गोष्ट कॉलम म्हणून आत शिरली, की पुढचं सगळं गणित चोख असूनही उत्तर चुकतं, आणि ते उत्तर निःपक्षपाती दिसतं.

त्याहून मोठा परिणाम झाला तो १९३४ च्या फेडरल हाउसिंग अॅडमिनिस्ट्रेशनचा. ही संस्था बँकांच्या गृहकर्जाचा विमा उतरवायची. मध्यमवर्गाला कमी हप्त्यात घर मिळालं ते तिच्यामुळे. तिच्या नियमावलीत मिश्र वस्ती म्हणजे जोखीम, असं सरळ लिहिलेलं होतं. डेट्रॉइटमध्ये १९४१ साली एका बिल्डरला गोऱ्यांसाठी नवी वसाहत बांधायची होती, पण जमीन कृष्णवर्णीयांच्या वस्तीला लागून होती, म्हणून विमा नाकारला गेला. बिल्डरने मध्ये सहा फूट उंच, सुमारे अर्धा मैल लांब काँक्रीटची भिंत बांधली. विमा मंजूर झाला! ती भिंत आजही उभी आहे. काही भागावर मुलांची, घरांची रंगीत चित्रं काढली आहेत.

ही व्यवस्था मोडणारा कायदा आला १९६८ मध्ये. त्याआधी दोन वर्षं मार्टिन ल्यूथर किंग शिकागोच्या पश्चिम भागातल्या मोडकळीला आलेल्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहिले आणि गोऱ्या वस्त्यांतून मोर्चे काढले. एका मोर्चात त्यांना डोक्यात दगड लागला. काँग्रेसमध्ये विधेयक अडकत राहिलं. ४ एप्रिल १९६८ रोजी किंग यांची हत्या झाली, शहरं पेटली आणि ११ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी फेअर हाउसिंग कायद्यावर सही केली. वंश, रंग, धर्म, मूळ देश यांवरून घर नाकारणं बेकायदा ठरलं. पुढे १९७४ मध्ये लिंग, आणि १९८८ मध्ये अपंगत्व आणि मुलंबाळं असणं हेही त्यात आले.

पण नकार सिद्ध कसा करायचा? ‘तो फ्लॅट गेला’ या वाक्यात बेकायदा काय आहे? इथे येते चाचणी. संघटना दोन माणसं पाठवायच्या : उत्पन्न, नोकरी, कुटुंब सारखं, फरक फक्त वंशाचा. एकाला ‘जागा नाही’ आणि दुसऱ्याला ‘या, बघून जा’ असं उत्तर आलं, की पुरावा तयार. आमच्या धंद्यात याला ए/बी टेस्ट म्हणतात. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढचं पाऊल टाकलं. चाचणीसाठी गेलेल्या माणसाला घर नकोच असलं, तरी जागेबद्दल खरी माहिती मिळण्याचा हक्क त्याला आहे. म्हणून खोटं सांगितलं गेल्यास तोही दावा लावू शकतो.

हे वाचताना मला माझा फोन आठवला. दोन मेसेज, एकच दिवस, एकच फ्लॅट. पुरावा आमच्या खिशात होता.

पण समजा उद्या सगळे ब्रोकर सुधारले, तरी प्रश्न सुटत नाही. न्यू जर्सीतल्या माउंट लॉरेलची गोष्ट त्यासाठी माहीत हवी. फिलाडेल्फियाजवळचं हे शेतीचं गाव १९६० नंतर उपनगर होत चाललं होतं. तिथे पिढ्यानपिढ्या राहणारी काही कृष्णवर्णीय कुटुंबं पडक्या घरांत, अगदी कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यांत राहत होती. एथेल लॉरेन्स या शिक्षिकेने आणि इतरांनी मिळून ३६ स्वस्त घरांची योजना मांडली. गावाने परवानगी नाकारली. कुणाचा वंश विचारला नाही, फक्त झोनिंगचा नियम दाखवला : इथे मोठ्या प्लॉटवर एका कुटुंबाचं स्वतंत्र घरच बांधता येतं. १९७० मध्ये चर्चमधल्या सभेत महापौरांनी सांगितलं, की परवडत नसेल त्यांनी गाव सोडावं.

लॉरेन्स कोर्टात गेल्या. १९७५ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की प्रत्येक वाढत्या गावाने आपल्या परिसरातल्या गरजेतला न्याय्य वाटा उचललाच पाहिजे. गावांनी चालढकल केली. म्हणून १९८३ मध्ये कोर्टाने आकडे ठरवायला लावले, आणि जे गाव जागा देणार नाही, तिथे स्वस्त घरांचा वाटा ठेवणाऱ्या बिल्डरला थेट कोर्टातून परवानगी मिळेल, असं ठरवलं. मग पळवाट निघाली : श्रीमंत गावाने दुसऱ्या शहराला पैसे देऊन आपला निम्म्यापर्यंतचा वाटा तिकडे ढकलायचा. ती २००८ मध्ये बंद झाली. भांडणं अजून चालू आहेत, पण गावांना दहा-दहा वर्षांचा आराखडा द्यावा लागतो.

एथेल लॉरेन्स १९९४ मध्ये गेल्या. त्यांच्या नावाची वसाहत २००० च्या अखेरीस उघडली. समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि सहकाऱ्यांनी नंतर अभ्यास केला. गुन्हे वाढतील, किमती पडतील, कर वाढतील, ही भीती खरी ठरली नाही. शेजारच्या कित्येकांना तिथे स्वस्त घरं आहेत हे माहीतच नव्हतं.

इथे दोन वेगळी कर्तव्यं दिसतात. एक, नाही म्हणू नका. दुसरं, जागा करा. १९६८ च्या कायद्यात दुसऱ्याचंही बीज होतं. सरकारी पैसा घेणाऱ्या शहरांनी भेदभाव कमी करण्यासाठी स्वतःहून पावलं उचलावीत, असं त्यात होतं. त्याचा नीट नियम बनला २०१५ मध्ये : शहराने आकडे आणि नकाशे मांडून कोण कुठे अडकलं आहे ते दाखवायचं आणि उद्दिष्टं ठरवायची. २०२० मध्ये तो रद्द झाला, २०२१ मध्ये अर्धवट परतला, २०२५ मध्ये पुन्हा गेला. लाल नकाशे तीसच्या दशकात बनले, त्यांचे परिणाम राहिले. ते पुसणारे नकाशे मात्र निवडणुकीगणिक बदलतात.

आपल्याकडे? संविधानाचं कलम १५(२) दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, रस्ते यांचं नाव घेतं, घराचं नाही. अस्पृश्यतेच्या कारणावरून राहती जागा नाकारणं १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, पण कारण कोणी बोलून दाखवत नाही. धर्मावरून खासगी मालकाने भाड्याचं घर नाकारलं, तर जाण्यासारखा वेगळा राष्ट्रीय कायदा नाही. उलट २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेचा सभासदत्व पारशांपुरतं ठेवण्याचा नियम मान्य केला. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात अशीच जोडीची चाचणी केली, तेव्हा दलित आणि मुस्लिम नावांच्या वाट्याला नकार जास्त आले. आपल्या शहरांच्या विकास आराखड्यात रस्ते, नाले, बागा, एफएसआय सगळं असतं. कोणत्या आडनावाला कुठे घर मिळत नाही, याचा रकाना नसतो. तो नसल्यामुळे ते घडतच नाही, असं दिसतं.

मागच्या महिन्यात मी तो फ्लॅट सोडला. ब्रोकरचा मेसेज आला, ‘ओळखीत कोणी असेल तर सांगा.’ मी मित्राला फोन केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या दिवसाबद्दल बोललो, माफी मागितली. तो थोडं थांबून म्हणाला, ‘माझ्याकडे ते दोन्ही स्क्रीनशॉट आहेत अजून.’

मला वाटलं होतं, तो विसरला असेल.